खेकडेचोरांचा लॅपटॉप

जुना लॅपटॉप बघायला गेल्यावर काय काय करायचं नाही, हे शालेशनीने तोरिकाला बसमध्ये चढल्यापासून बजावायला सुरुवात केली होती. हसायचं नाही. चहा घ्यायचा नाही. लॅपटॉप कितीही आवडला तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं ठेवायचं. आणि काहीही झालं तरी आपलं गाव सांगायचं नाही.

"गाव का नाही सांगायचं?" तोरिकाने विचारलं.

"कारण तुम्ही लोक एकदा गाव सांगायला लागलात की थांबत नाही. तो म्हणणार, माझ्या मावशीची नणंद तिथलीच. तू म्हणणार, अगंबाई, ती तर माझी चुलत आजी. मग त्याला कमी पैसे देताना तुला लाज वाटणार. मी काय तुला आज ओळखते? बाजारात वांगी घेतानासुद्धा तू उरलेले सुट्टे परत मागत नाहीस."

हे खरंच होतं. घासाघीस म्हटलं की तोरिकाच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. कांदावू बेटावरच्या तिच्या नाकोरोलेका गावात विकत घेण्यासारखं फारसं काही नव्हतंच. हवं ते शेजाऱ्याकडे मागायचं आणि शेजाऱ्याने मागितलं की द्यायचं, नाही म्हणायची रीतच नव्हती. शालेशनीची गोष्ट वेगळी. तिच्या बापाचं शहरात सामांबुलाला किराणा दुकान होतं आणि ती गल्ल्यामागच्या तांदळाच्या पोत्यांवर बसून लहानाची मोठी झाली होती. गिऱ्हाईक किती अडलेलं आहे हे तिला त्याच्या चपलांवरून कळायचं.

लॅपटॉपसाठी साठवलेले तीनशे डॉलरही त्याच दुकानात होते. सुट्टीच्या दिवशी कपड्यांच्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालून तोरिकाने ते कमावले होते, पण स्वतःजवळ ठेवले असते तर एक डॉलर उरला नसता. चुलतभावाला बुटांना हवे असायचे, आत्याला चर्चच्या वर्गणीला, आत्याच्या जावेला कशाला तरी, आणि तोंडावर मागितल्यावर नाही म्हणणं तोरिकाच्या जिभेला यायचंच नाही. पैसे शालेशनीकडे असले की निदान खरं सांगता यायचं, माझ्याजवळ काही नाही म्हणून.

आणि लॅपटॉप तर हवाच होता. मागचा अहवाल तिने तडा गेलेल्या फोनवर बोटांनी बडवून लिहिला होता आणि तो असा काही उमटला की प्राध्यापकांनी 'हे काय आहे?' एवढाच शेरा मारून शून्य दिलं. कॉलेजच्या संगणकांपुढे ही रांग. पुढचा अहवाल शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचा होता. त्यातही नापास झाली तर शिष्यवृत्ती बंद, आणि पुढच्या बोटीने चटई गुंडाळून गाव गाठायचं. गावात तिच्या बापाने चर्चमध्ये उभं राहून पोरगी हिशेबनीस झाल्याचं जाहीरही करून टाकलं होतं. ती अजून दुसऱ्या वर्षाला होती, हा तपशील त्याला महत्त्वाचा वाटला नव्हता.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'लॅपटॉप. साडेतीनशे. किंमत ठरलेली. घासाघीस करणाऱ्यांनी येऊ नये.'

"अशा लोकांकडेच जायचं असतं," शालेशनी बसमधून उतरताना म्हणाली. "दोनशेत आणते बघ."

नांबुआ वस्तीतल्या त्या घराचा मालक पेनिआसी हा पोलीस बँडात आयुष्यभर भलामोठा पितळी भोंगा वाजवून निवृत्त झालेला माणूस होता. भोंगा आता भिंतीवर चकचकीत पुसून टांगलेला होता. मालक दारात मावत नव्हता, आणि त्याच्या पुढच्या दातांपैकी एक गायब होता. त्याने पोरींना चटईवर बसवलं. पाठोपाठ त्याची बायको आसेनाथा चहा आणि गरम बांबाकाऊ घेऊन आली. तळलेल्या पावाचा तो वास नाकात गेला मात्र, तोरिकाने कप उचलला आणि वर हसून आभारही मानले. शालेशनीने तिला चिमटा काढला. घरात येऊन बूड टेकत नाही तोच दोन नियम मोडले होते.

लॅपटॉप चटईच्या मधोमध, एका भरतकाम केलेल्या उशीच्या अभ्र्यावर ठेवलेला होता. शालेशनीने तो उघडला. पडद्यावर रग्बीचा सदरा घातलेला, हसऱ्या तोंडाचा एक तरुण दिसला.

"बिजागरी कुरकुरतेय," शालेशनीने सुरुवात केली.

"साडेतीनशे," पेनिआसी म्हणाला.

"ह्या बटणावरचं अक्षर पुसलंय, काका."

"साडेतीनशे."

"बॅटरी किती चालते?"

"चालते."

"ह्या जातीचे लॅपटॉप आता कुणी हातात धरत नाही. दोनशे घ्या, आत्ता रोख देते."

"परवा एक जण साडेतीनशे रोख घेऊन आला होता," पेनिआसी म्हणाला. "त्यालाही नाही दिला."

"का?"

"त्याची नखं वाढलेली होती. त्याच्या आधीच्या बाईचा आवाज मला आवडला नाही."

शालेशनीने आजवर दुकानावर नाना तऱ्हेची माणसं बघितली होती, पण पूर्ण पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला नखांवरून हाकलणारा दुकानदार तिला भेटला नव्हता. आसेनाथा स्वयंपाकघराच्या दारात हातात फडकं घेऊन उभी होती. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती. नुसती लॅपटॉपकडे बघत होती.

शालेशनीने मग हुकमी पान टाकलं. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "चल गं, नाही पटत." हे उठणं खोटं असतं, समोरच्याने हाक मारायची असते, हे तिने तोरिकाला सांगायचं राहून गेलं होतं. शुक्रवार, शून्य, बोट आणि गुंडाळलेली चटई तोरिकाला एकदम डोळ्यांपुढे दिसली.

तिचा उतरलेला चेहरा बघून पेनिआसीने विचारलं, "पोरी, तू कुठली गं?"

शालेशनीने घसा खाकरला. तोरिकाने ओठ मिटले. पण वडीलधाऱ्या माणसाने गाव विचारावं आणि आपण गप्प बसावं, हे तिला जन्मात जमणार नव्हतं.

"कांदावूची. नाकोरोलेका."

पेनिआसीने हातातला कप सावकाश खाली ठेवला. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून तो असा ओरडला की भिंतीवरचा भोंगा हलला.

"आसेनाथा! भांडी मोजून ठेव! घरात खेकडेचोर शिरलेत!"

"काका, तोंड सांभाळून बोला हं," शालेशनी खवळली. "दोनशे म्हटलं म्हणून चोर?"

पण तोरिकाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. तिचे डोळे चमकायला लागले होते.

"तुम्ही सावुलोमाचे?" तिने विचारलं.

"मग काय तुझ्यासारखा चपट्या पायांचा दिसतो मी?"

सावुलोमा उत्तरेच्या बेटावर होतं. तोरिकाने ते कधी बघितलं नव्हतं आणि तिच्या बापानेही नव्हतं. पण दोन्ही गावांचे मूळ देव एकमेकांचे भाऊबंद. सावुलोमाच्या देवाने म्हणे पाहुणा म्हणून येऊन नाकोरोलेकाच्या देवाचा दालोचा, म्हणजे अळकुड्यांचा, मळा उपटून नेला, आणि नाकोरोलेकाच्या देवाने जाता जाता त्याचा दात पाडला आणि खेकड्यांची टोपली पळवली. तेव्हापासून ही दोन गावं एकमेकांची ताउवू. ताउवू भेटला की त्याला वाट्टेल ते बोलायचं. त्याच्या घरातली आवडेल ती वस्तू उचलून चालू पडायचं. ज्याचं गेलं त्याने हसायचं, चिडला तो हरला. लग्न असो की मयत, ताउवूला कोणी अडवत नाही. तोरिका हे आजीकडून ऐकत आली होती, पण शहरात येऊन खराखुरा ताउवू तिला पहिल्यांदाच भेटत होता. आणि आता बोलायची पाळी तिची होती.

तिने पेनिआसीकडे बघितलं. माणूस बापाच्या वयाचा. त्यात पोलिसातला. वर्गात साधी शंका विचारायलाही ती हात वर करायची नाही. पण इथे गप्प राहणं म्हणजे अख्ख्या नाकोरोलेकाने मान खाली घालण्यासारखं होतं.

"तुमच्या देवाचा दात आमच्या देवाने पाडला हे माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "तुमचा कुणी पाडला? का अजून आमच्या गावावरून लपतछपत जाता?"

मग स्वयंपाकघराच्या दारातून एक विचित्र आवाज आला. आसेनाथा हसत होती. फडकं तोंडाला लावून ती हसत हसत उंबऱ्यावरच बसली. पेनिआसी स्वतःवरचा विनोद विसरून बायकोकडे बघत राहिला. एवढा वेळ बघण्यासारखं त्यात काय आहे, असं शालेशनीला वाटलं.

"खरी नाकोरोलेकाची असतीस ना," शेवटी तो तोरिकाकडे वळून म्हणाला, "तर अशी किंमत विचारत बसली नसतीस. गावचं पाणी आटलंय तुमच्या."

तोरिकाने लॅपटॉप मिटला. अभ्र्यासकट उचलला. काखोटीला मारला. उरलेला बांबाकाऊ तोंडात कोंबला आणि दाराबाहेर पडून पळत सुटली.

"चोर! चोर!" पेनिआसी पायरीवर उभा राहून आनंदाने ओरडत होता. "माझा लॅपटॉप नेला! नखं मात्र स्वच्छ आहेत हो!"

धावताना तोरिकाची एक चप्पल फाटकाजवळ निसटली. ती घ्यायला वळायची तिला हिंमत झाली नाही. शालेशनी मागून पर्स छातीशी धरून धावत होती आणि पोलीस कधी येतात म्हणून वळून वळून बघत होती.

बसमध्ये तोरिकाने शालेशनीला सगळं तीनदा समजावून सांगितलं.

"म्हणजे फुकट?"

"फुकट नाही. ताउवू आहे."

"पैसे दिलेस का? नाहीस. मग फुकट." शालेशनीने पर्समधले पैसे पुन्हा मोजले. "माझ्या बापाला सांगू नकोस हं. त्याला झोप लागायची नाही." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुमच्या ह्या ताउवूंमध्ये कुणी सोनार आहे का गं?"

त्या संध्याकाळी तोरिकाने, ती राहायची त्या नांदेरातल्या आत्याच्या घरी, एका पायात चप्पल नसताना, आयुष्यातला सगळ्यात चांगला अहवाल लिहायला घेतला. गावच्या खोबऱ्याच्या सोसायटीचा हिशेब तिला तोंडपाठ होता. बोटं भराभर चालत होती. निम्मा अहवाल झाला, आणि पडदा काळा पडला. बॅटरी संपली होती. तिने अभ्रा उलटा करून झटकला. मग ती कपाळाला हात लावून बसली. चार्जर घ्यायचा राहिला होता. खरं म्हणजे त्या घरात चार्जर तिने बघितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. नेई माकेरेता, म्हणजे तिची आत्या, चर्चमधून आली, नारळाच्या दुधात शिजलेल्या माशाचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि पानं घ्यायला लागली. एवढ्यात दारात टॅक्सी थांबली. आतून आधी पेनिआसीचं पोट उतरलं, मग पेनिआसी आणि त्याच्यामागून रविवारचा फुलाफुलांचा पोशाख घातलेली आसेनाथा.

"खेकडेचोर घरी आहेत का?" पेनिआसीने बाहेरूनच गर्जना केली. जन्मभर पोलिसात काढलेल्या माणसाला नाकोरोलेकाच्या लोकांचं घर शोधायला फार विचारावं लागलं नव्हतं.

नेई माकेरेताच्या हातातला डाव तसाच राहिला. ती नाकोरोलेकाचीच. एका वाक्यात तिला सगळं कळलं. तिने भाचीकडे असं बघितलं की तोरिका दाराआड सरकली.

"या की," नेई माकेरेता म्हणाली. तिचे सगळे दात दिसत होते. "दातपडक्यांना चावायला जमेल असं काही घरात आहे का बघते."

"तू कशाला त्रास घेतेस? आम्हीच बघतो."

आणि त्यांनी बघितलं. पेनिआसीने माशाचं पातेलं उचललं. आसेनाथाने, नेई माकेरेताला तिच्या मुलाने सिडनीहून पाठवलेला, नवा कोरा कुकर घेतला, आधी झाकण बसतंय का बघून. मग बाहेरच्या खोलीतली, फक्त पाद्री आले की अंथरायची चटई. जाता जाता पेनिआसीने अंगणातला कोंबडाही पायांना धरून उचलला. नेई माकेरेता प्रत्येक वस्तूमागे मोठ्याने हसत होती. कोंबड्याच्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचं होतं की कशाचं, हे विचारायची छाती कोणाला नव्हती.

तोरिका टॅक्सीमागे धावली. "चार्जर!"

"कसला चार्जर?" खिडकीतून पेनिआसी म्हणाला. "आम्ही सावुलोमाची अडाणी माणसं. आमच्याकडे वीज कुठली?" कोंबडा त्याच्या मांडीवर ओरडत होता.

टॅक्सी दिसेनाशी झाल्यावर नेई माकेरेताचं हसू मावळलं.

"गाव सांगितलंस? एका लॅपटॉपपायी गाव सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, नेई."

"विचारलं तर सांगायलाच पाहिजे म्हणा," आत्याने कबूल केलं, आणि उरलेल्या दालोबरोबर कोरा चहा पिऊन सगळ्यांनी रविवार साजरा केला. मग तिला आठवलं. "पण पैसे? तू लॅपटॉपला पैसे साठवले होतेस म्हणजे तुझ्याजवळ पैसे आहेत!"

तोरिका नाही म्हणू शकली नाही. सोमवारी नवा कुकर आला. मंगळवारी चटई आली, पाद्र्यांच्या मानाची. कोंबडा आणि दोन कोंबड्या बुधवारी आल्या, कारण नेई माकेरेताच्या मते नवा कोंबडा एकटा रमला नसता.

इकडे लॅपटॉप मुका तो मुकाच. निम्मा अहवाल त्याच्या पोटात. शालेशनीचा दुरुस्तीवाला मामेभाऊ म्हणाला की ह्याची पिन भलतीच जाड आहे, असला चार्जर परदेशातूनच मागवावा लागेल, महिना जाईल.

"अगं, फोन करून सरळ माग ना त्यांच्याकडे," शालेशनी म्हणाली.

"ताउवूपुढे पदर पसरू? बापाला कळलं तर तो मला बोटीतूनही उतरू देणार नाही."

"तसंही शुक्रवारनंतर बोटीतच बसायचंय तुला."

गुरुवारी दुपारी तोरिका लॅपटॉप पाठीला लावून नांबुआला गेली. फाटकावर तिची चप्पल खिळ्याला टांगलेली होती. अंगणात आंब्याखाली आठ-दहा पुरुष यांगोनाच्या, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या गढूळ पेयाच्या, लाकडी परातीभोवती मांडी घालून बसले होते, आणि मधोमध पेनिआसी. त्याच्या गळ्यात चार्जर होता. वायर दोनदा गुंडाळून, फुलं खोवून, लग्नातल्या हारासारखा घातलेला.

"बघा, बघा!" तो म्हणाला. "म्हणलं नव्हतं, येणार म्हणून? चोराला चोरी पचत नाही."

सगळे तोरिकाकडे वळले. देवाच्या दाताचा विनोद एकदा करून झाला होता. दुसरा सुचेना. चार्जर हिसकावायला जावं तर पेनिआसी उठला नाही तरी तिच्याहून उंच होता. बाकीचे वाट बघत टाळ्या वाजवत होते.

मग उघड्या दारातून तिला भिंत दिसली. ती सरळ घरात शिरली, भिंतीवरचा पितळी भोंगा खाली काढला आणि खांद्यावर टाकून बाहेर आली.

"चार्जर राहू द्या गळ्यात," ती म्हणाली, आणि ह्या वेळी आवाज फाटकापर्यंत गेला. "शोभतोय. तोंड लपत नाही, पण मान तरी झाकली जाते. मी हा नेते. गावात डुकरं हाकायला बरा."

पेनिआसीने अर्धवट उठून भोंग्याकडे हात पुढे केला. तो हसायला गेला, पण जमलं नाही. पुरुषांनी मांड्यांवर थापा मारल्या. ताउवूने चिडायचं नसतं. पण तीस वर्षं रोज पुसलेला भोंगा डुकरांमागे जाताना बघून हसायचं कसं, हेही त्याला कळेना.

"घेऊन जा बाई!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आसेनाथा ओरडली. हसून हसून तिने चौकट धरली होती. "देवाने पाठवलं तुला! जन्मभर ऐकतेय मी ते!"

मग ती बाहेर आली, नवऱ्याच्या गळ्यातला चार्जर काढला, भोंगा त्याच्या मांडीत ठेवला आणि तोरिकाला दंडाला धरून आत घेऊन गेली. स्वयंपाकघरात टेबल होतं आणि टेबलाशी वीज होती.

"इथेच लिही काय लिहायचंय ते," ती म्हणाली. "तुझ्या आत्याच्या कुकरात कसावा शिजतोय. छान आहे कुकर."

लॅपटॉप जागा झाला. रग्बीच्या सदऱ्यातला तरुण पुन्हा हसला. आसेनाथा तोरिकाच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने ओले हात पोशाखाला पुसले.

"नेमानी," ती म्हणाली. "आमचा मुलगा. इंग्लंडच्या फौजेत गेला. नाताळला फोन करतो. कधी कधी." ती खुर्ची ओढून बसली. "तो गेल्यापासून मी रोज हे उघडून बघत बसायचे. पेनिआसीला बघवेना. म्हणाला, विकून टाकू. मी म्हटलं, विक. जाहिरात दिली, माणसं यायला लागली, आणि येईल त्याला हाच हाकलायला लागला. कुणाची नखं, कुणाचा आवाज. पोराची वस्तू पैसे घेऊन द्यायचं त्याच्या जिवावर येत होतं. आता चोरांनी पळवली तर माणूस काय करणार?"

"मग चार्जर का ठेवून घेतलात?" तोरिकाने विचारलं. "माझा निम्मा अहवाल ह्यात अडकला होता. मी नापास झाले असते."

"तो मी लपवला होता. पिठाच्या डब्यात," आसेनाथा म्हणाली. "चार्जर दिला असता, तर तू परत आली असतीस?"

तोरिकाने चार्जरच्या वायरमधली फुलं काढून टेबलावर ठेवली. ती परत आली नसती. ती त्या चपलेसाठीही परत आली नव्हती.

तिने अहवाल लिहायला घेतला. आसेनाथा मधून मधून कसावा पुढे सरकवत होती आणि पडद्याकडे बघत होती, पण तिथे आता खोबऱ्याच्या सोसायटीचे आकडे होते. बाहेर पेनिआसी भोंगा वाजवून परत मिळाल्याची खात्री करून घेत होता. तेवढ्या गोंगाटात तोरिकाने शेवटचं पान लिहिलं.

शुक्रवारी अहवाल वेळेत गेला. पुढच्या आठवड्यात तो परत आला तेव्हा शेरा नव्हता, फक्त पास व्हायला लागतात त्यापेक्षा बरेच जास्त गुण होते. शालेशनीने त्या दिवशी आणखी एक हिशेब केला, तोंडी. "कुकर, चटई, कोंबडा, दोन कोंबड्या. तुझे तीनशे गेले. वर आत्याने उसने घातलेले पन्नास तुला फेडायचेत. झाले किती?"

"साडेतीनशे," तोरिका म्हणाली.

"किंमत ठरलेली होती ना!" शालेशनीने कपाळावर हात मारला. "तरी सांगत होते, मला घासाघीस करू दे."

त्यानंतरच्या शनिवारी दोघी पुन्हा नांबुआला गेल्या. तोरिकाने टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला आणि ती अंगणात पेनिआसीशी भांडायला गेली. भांडण बरंच लांबलं. आत आसेनाथा लॅपटॉपसमोर बसून होती. निघताना शालेशनीला बांबाकाऊचं पुडकं मिळालं. ती ताउवू नव्हती, पण पेनिआसीने तिलाही चोराची साथीदार म्हणून दोन शिव्या दिल्या, आणि तिला ते बरंच आवडलं.

बस सामांबुलाच्या चढाला लागली तेव्हा तिने तोरिकाची पिशवी चाचपली.

"अगं, चार्जर राहिला की तिकडे!"

"राहिला का?"

"टेबलावर. मला जाताना दिसला होता, वाटलं तू घेशील. आता घरी गेल्यावर हा तासभरसुद्धा चालायचा नाही."

"मग पुन्हा जावं लागणार," तोरिका म्हणाली. "काय करणार? चोरांचं गाव ते. एकदा गेलेली वस्तू सरळ परत देतात का कधी?"

शालेशनीने वळून तिच्याकडे नीट बघितलं. तोरिका खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचं तोंड अगदी एरंडेल प्यायल्यासारखं होतं.